टूडी एको : काळोख्या खोलीतली वीस-पंचवीस मिनिटं

दोन जिने चढून घरी आलं की भाजीची पिशवी दारातच ठेवायची, चपला काढायच्या निमित्तानं उंबऱ्याशी बसायचं आणि श्वास जागेवर येईपर्यंत काहीतरी शोधत असल्यासारखं दाखवायचं. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या कितीतरी बायकांना ही युक्ती साधलेली असते. घरच्यांना वाटतं, वजन वाढलंय. शेजारणीला वाटतं, पाळी जायचं वय आहे, व्हायचंच. बाईला स्वतःला वाटतं, रक्त कमी झालं असेल, शेवग्याचा पाला खायला हवा. अशीच एखादी काकू वर्ष-दीड वर्ष काढते. मग एकदा खोकल्याचं औषध आणायला गेलेली असताना नेहमीचे डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ धरून ठेवतात, डाव्या कुशीवर वळायला सांगून पुन्हा ऐकतात आणि विचारतात, "लहानपणी तुमचे सांधे सुजायचे का हो?"

सुजायचे. शाळेत असताना. आज गुडघा, चार दिवसांनी घोटा, मग मनगट. तापही यायचा. आईनं निर्गुडीचा शेक दिला होता, काही आठवड्यांत सगळं बरंही झालं होतं. त्याचा इतक्या वर्षांनी या धापेशी काय संबंध?

डॉक्टर त्याचं उत्तर लगेच देत नाहीत. चिठ्ठीवर दोन शब्द लिहितात : टूडी एको.

त्या रात्री घरात कुणालाच धड झोप लागत नाही. थोरल्या जावेचा फोन येतो, "मांडीतून तार घालतात म्हणे." सोसायटीतले एक गृहस्थ सांगतात की त्यांच्या भावाला हे केल्यावर लगेच ॲडमिट करून घेतलं होतं. कुणी म्हणतं करंट देतात, कुणी म्हणतं आदल्या रात्रीपासून उपाशी राहा. खरं तर यातलं एकही या तपासणीला लागू नाही. मांडीतून किंवा मनगटातून तार घालतात ती अँजिओग्राफी. एकोत सुई नाही, भूल नाही, करंट नाही, क्ष-किरणही नाहीत. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी ज्या तत्त्वावर होते, त्याच तत्त्वावर केलेली ही हृदयाची सोनोग्राफी.

जहाजाच्या पत्र्यापासून हृदयापर्यंत

विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते, त्या प्रतिध्वनीलाच इंग्रजीत एको म्हणतात. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एकोचं यंत्र वीस-चाळीस लाख कंपनांच्या ध्वनिलहरी छातीत सोडतं, म्हणून त्या कानाला जाणवत नाहीत. शरीराच्या मऊ भागांतून या लहरी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातात. हृदयाची भिंत, झडप असं काही वाटेत आलं की त्यांतल्या काही परत फिरतात. परतीला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं आणि अशी असंख्य अंतरं जोडून पडद्यावर हलतं चित्र उभं करतं.

याची सुरुवात एका दवाखान्याइतकीच एका जहाजाच्या कारखान्यातही झाली. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ एका अडचणीत होते. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसली असेल तर शस्त्रक्रियेनं ती मोकळी करता येऊ लागली होती, पण तीच झडप गळकी असेल तर त्या शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. छाती उघडण्यापूर्वी झडप आकसली आहे की गळते आहे, हे खात्रीनं कळायचं कसं? त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाला विचारलं. हर्ट्झ यांना ठाऊक होतं की माल्मोच्या गोदीत जहाजांच्या लोखंडात आत कुठे भेग आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासतात. ते यंत्र काही दिवस मागून आणून त्यांनी स्वतःच्या छातीवर लावून पाहिलं, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर पडद्यावरची खूण पुढेमागे सरकू लागली. पुढे सीमेन्स कंपनीचं तसलंच यंत्र उसनं मिळालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. १९७७ साली दोघांना लास्कर पारितोषिक मिळालं.

सुरुवातीची कितीतरी वर्षं पडद्यावर दिसायची ती फक्त एक नागमोडी रेघ. सराईत डोळ्यालाच ती वाचता यायची. पुढे संपूर्ण छेद दिसू लागला, लांबी-रुंदी अशा दोन मितींचा, म्हणून टू-डायमेन्शनल, म्हणजेच टूडी. आता त्रिमितीय चित्रंही निघतात, पण आपल्याकडे चिठ्ठीवर आणि पाटीवर नाव टूडीचंच टिकलं आहे.

जाण्याआधी

साध्या एकोसाठी उपाशी राहायची गरज नाही. चहा-नाश्ता, जेवण नेहमीसारखं घ्यावं. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. मधुमेही माणसानं अर्धवट ऐकीव माहितीवर उपाशी राहून रांगेत चक्कर येऊन पडणं हा प्रकार अजूनही घडतो आणि तो सर्वस्वी टाळता येण्याजोगा आहे. छातीला तेल, पावडर लावू नये. सोबत जुने कागद न्यावेत : ईसीजी, आधी कधी एको झाला असेल तर तो रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी. आधीचा रिपोर्ट फार मोलाचा. झडप दोन वर्षांपूर्वी किती उघडत होती आणि आज किती उघडते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तरच कळतं की दुखणं जागच्या जागी आहे की पुढे सरकतंय.

आता त्या गोष्टीविषयी, जिच्यामुळे कितीतरी बायका ही तपासणी पुढे ढकलत राहतात आणि जी कुणी मोकळेपणानं सांगत नाही. एको करताना छाती उघडी करावी लागते. ब्लाऊज आणि आतले कपडे काढावे लागतात, कारण यंत्राचा प्रोब थेट त्वचेवर, डाव्या स्तनाच्या खाली आणि बाजूला ठेवावा लागतो. कपड्यावरून हे होत नाही. बहुतेक ठिकाणी पुढून उघडणारा गाऊन देतात, नसेल तर मोठी ओढणी किंवा चादर घरून न्यावी. ज्या भागावर प्रोब आहे तेवढाच उघडा ठेवून बाकीचं झाकता येतं. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत नर्स किंवा आया हजर असावी, असं सांगण्याचा प्रत्येक बाईला पूर्ण हक्क आहे. काउंटरवर आधीच सांगितलं तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि वाटलं तरी सांगावंच. सोबत बहीण किंवा मुलगी थांबू शकते का, हेही विचारावं. मंगळसूत्र काढायलाच हवं असं नाही, खांद्यामागे सारलं तरी चालतं.

खोलीत

खोली काळोखी असते, कारण पडदा नीट दिसायला हवा. एसीमुळे गारठाही असतो. पलंगावर डाव्या कुशीवर वळवतात आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. त्यामागे साधं कारण आहे. हवा आणि हाड या दोन्हींतून या ध्वनिलहरी पार होत नाहीत. छातीत पुढे बरगड्या आणि सभोवती हवेनं भरलेली फुप्फुसं. कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, हात वर घेतला की बरगड्यांमधली जागा रुंदावते. तेवढ्याशा फटीतून आत डोकवायचं असतं. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा थर राहू नये म्हणून ते गार, बुळबुळीत जेल लावतात. पहिला स्पर्श अंगावर शहारा आणतो, नंतर सवय होते. छातीवर किंवा हातापायांवर तीन चिकट पट्ट्याही लावतात. त्या ईसीजीसाठी, म्हणजे ठोक्याची कुठली वेळ चालू आहे हे चित्राबरोबर कळतं. त्यांतून शरीरात काहीही सोडलं जात नाही.

मग प्रोब फिरू लागतो. बरगड्यांमध्ये, स्तनाखाली, पोटाच्या वरच्या खळगीत, आणि मान मागे टाकायला सांगून गळ्याच्या खालच्या खाचेत. काही ठिकाणी तो चांगलाच दाबावा लागतो. दुखण्याइतकं नसलं तरी बरगडीवर दाब जाणवतो, नकोसं वाटलं तर सांगावं. मध्येच "श्वास सोडा, तसाच धरा" अशी सूचना येते, कारण फुप्फुसातली हवा तेवढी बाजूला होते. एकाएकी यंत्रातून फुस्स-फुस्स असा, पाइपातून पाणी उसळावं तसा आवाज येतो आणि पेशंट दचकतो. तो हृदयाचा आवाज नव्हे. रक्ताच्या वेगाचं यंत्रानं केलेलं ते आवाजात रूपांतर.

हे डॉप्लरचं तंत्र. आगगाडी शिटी वाजवत जवळ येते तेव्हा तिचा स्वर चढा वाटतो आणि दूर गेली की उतरतो. क्रिस्टियान डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं यामागचं तत्त्व १८४२ मध्ये मांडलं. रक्तपेशींवरून परतलेल्या लहरींचा स्वर चढला की उतरला यावरून रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय आणि किती वेगानं, हे यंत्राला कळतं. पडद्यावर त्याला रंग दिलेले असतात. प्रोबकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. इथे नातेवाईकांची हमखास गफलत होते. शाळेच्या पुस्तकात शुद्ध रक्त तांबडं आणि अशुद्ध रक्त निळं छापलेलं असतं, ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. पडद्यावर निळा लोट दिसला की "अशुद्ध रक्त किती आहे बघा!" असं कुजबुजणं सुरू होतं. त्या रंगांचा शुद्धाशुद्धतेशी काडीचाही संबंध नाही. ते फक्त दिशा दाखवतात.

सगळ्यात अवघड असतं ते डॉक्टरांचं गप्प बसणं. ते पडद्याकडे पाहत असतात, बटण दाबून चित्र थांबवतात, त्यावर रेघा ओढतात, पुन्हा तोच भाग पाहतात. पलंगावरचा माणूस त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती अन् सुरकुती वाचत असतो. इतका वेळ लागतोय म्हणजे नक्कीच काहीतरी गंभीर असणार! प्रत्यक्षात ते मोजमाप करत असतात. चार कप्पे, चार झडपा, भिंतींची जाडी, महाधमनी, बाहेरचं आवरण, हे सगळं वेगवेगळ्या कोनांतून मोजायचं म्हणजे वीस मिनिटं ते अर्धा-पाऊण तास सहज जातो. उलट दोन-चार मिनिटांत उरकलेल्या एकोचीच थोडी शंका घ्यायला हरकत नाही. अंगानं जाड असलेल्यांत किंवा जुना दम्याचा, सिगारेटचा त्रास असलेल्यांत चित्र अंधूक येतं. रिपोर्टावर मग "पुअर विंडो" असं लिहिलेलं असतं. तो आजार नाही, खिडकी धुरकट आहे एवढाच त्याचा अर्थ.

संपलं की टिश्यूनं जेल पुसायचं, कपडे करायचे आणि घरी जायचं. विश्रांतीची गरज नाही, पथ्य नाही. गरोदर बाईला हा एको चालतो, पेसमेकर बसवलेल्यालाही चालतो, आणि दर सहा महिन्यांनी करावा लागला तरी त्यातून किरणांचा वगैरे काही साठा शरीरात होत नाही.

साठ टक्के म्हणजे नापास नव्हे

खरी घबराट रिपोर्ट हातात पडल्यावर होते. बहुतेक जण तो डॉक्टरांकडे नेण्याआधी रिक्षातच उघडतात. त्यात एक आकडा ठळक असतो : एलव्हीईएफ ६० टक्के. "म्हणजे हार्ट साठच टक्के चालतंय? चाळीस टक्के गेलं?" असं म्हणत घरात रडारड झाल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत.

हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्तानं भरतो आणि प्रत्येक ठोक्याला त्यातलं काही रक्त शरीरात फेकतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं, तो हा आकडा. धडधाकट हृदयही कधी शंभर टक्के रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के ही निरोगी माणसाची मर्यादा, तेव्हा साठ म्हणजे उत्तम. चाळीसच्या खाली गेला तर मात्र हृदयाचा पंप कमजोर झालाय आणि उपचार नेटानं व्हायला हवेत. याच आकड्याची उलट बाजूही आहे. एका ठिकाणी ६० आणि दुसरीकडे ५५ आला तर हृदय पाच टक्क्यांनी खालावलं असं नाही, मोजणाऱ्या हातात आणि डोळ्यांत एवढा फरक पडतोच. शिवाय आकडा चांगला असूनही धाप लागू शकते. पंप जोरात मारतो पण सैल पडून नीट भरत नाही, असं वय झालेल्या आणि वर्षानुवर्षं रक्तदाब असलेल्या माणसांत, त्यातही बायकांत, पुष्कळ दिसतं. "एको नॉर्मल, मग हिची धाप मनाची," असा निकाल परस्पर लावू नये.

रिपोर्टात "ट्रिव्हियल एमआर", "ट्रिव्हियल टीआर" असे शब्द असले तर झडपेतून रक्ताचा एखादा बारीक ओहोळ उलटा जातो, इतकंच. पूर्ण निरोगी माणसांतही तो सर्रास आढळतो. यंत्रं जितकी बारकाईनं पाहू लागली तितक्या या किरकोळ गोष्टी कागदावर येऊ लागल्या आणि तितकी माणसं विनाकारण धास्तावली. पन्नाशी-साठीनंतर "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" हेही असंच नेहमीचं वाक्य. म्हणजे स्नायू थोडा ताठर झालाय, रक्तदाब सांभाळा. याउलट "आरडब्ल्यूएमए" ही अक्षरं दिसली तर ती हलक्यावर घेण्याची नाहीत. हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट हलत नाही, बहुधा तिथला रक्तपुरवठा कमी पडतोय किंवा पूर्वी झटका येऊन गेलाय, असा तो इशारा.

आणि या सगळ्यात मोठा, प्रसंगी जीव घेणारा गैरसमज म्हणजे एको नॉर्मल असला की ब्लॉकेज नाही. साध्या एकोत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांमधले अडथळे दिसत नाहीत. तो स्नायू, झडपा आणि कप्पे दाखवतो. वाहिनी सत्तर टक्के बंद असलेल्या माणसाचा स्वस्थ पडून काढलेला एको निर्मळ येऊ शकतो. महिन्यापूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट कपाटात आहे म्हणून आज छातीत आवळल्यासारखं होऊन घाम फुटला तरी सोडा पिऊन पडून राहणं, हा धोका कुणी पत्करू नये. अशा वेळी एकोची अपॉइंटमेंटही शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोचून आधी ईसीजी काढावा.

चालल्यावर छातीत भरून येतं अशी तक्रार असेल तर स्ट्रेस एको करतात. ट्रेडमिलवर चालवून, किंवा गुडघ्यांमुळे चालता येत नसेल तर शिरेतून औषध देऊन हृदयाची गती वाढवतात आणि मग चित्र घेतात. याला तीन-चार तास पोट रिकामं लागतं, साडीऐवजी सलवार-कमीज आणि बूट बरे पडतात. कोणती गोळी आदल्या दिवशी बंद ठेवायची ते डॉक्टरांनाच विचारावं.

छोट्यांचे एको

बाळाच्या छातीत आवाज येतो म्हटलं की आईबापांच्या पायाखालची वाळू सरकते. लहान मुलांत असे निरुपद्रवी आवाज खूप असतात आणि एको करून तसं कळलं की मूल मोकळेपणानं खेळायला सोडता येतं. "हृदयाला छिद्र" हे शब्दही ऐकायला वाटतात तितके सगळे भयंकर नसतात. दोन खालच्या कप्प्यांमधली लहान छिद्रं पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप बुजतात. मोठ्या छिद्रांना वेळेवर उपचार लागतात, आणि वेळ कोणती हे एकोच सांगतो. तान्ह्या बाळाला दूध पाजून, झोपाळू झाल्यावर न्यावं. फारच रडत असेल तर डॉक्टर झोपेचं औषध देतात, ते घरून देऊन नेऊ नये. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. शाळेतून तशी चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

गर्भातल्या बाळाच्या हृदयाचाही एको होतो, बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान. आधीच्या मुलाला हृदयदोष असेल किंवा आईला आधीपासून मधुमेह असेल तर तो जरूर सांगतात. तिथे फॉर्म भरावा लागतो, सही करावी लागते. महाराष्ट्रानं १९८८ साली गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात प्रथम केला, १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला, त्याचा तो भाग. बाळाच्या हृदयाबद्दल हवे तितके प्रश्न विचारावेत. मुलगा की मुलगी हे लाडीगोडीनंही विचारू नये, सांगणारा आणि विचारणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

दोन रुपयांचं नाणं आणि शर्टाचं बटण

जिना चढून बसणाऱ्या त्या काकूंचा एको होतो. मायट्रल झडप आकसलेली निघते. निरोगी माणसात या झडपेचं दार चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतं, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढं. काकूंचं उघडतं एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पुढे जायला वाट अरुंद, म्हणून रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, आणि जिना चढताना छाती भरून येते.

हे बीज पडलं होतं शाळेच्या वयात. घसा दुखून आलेल्या एका जंतुसंसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. तो सांध्यांना नुसता चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर मंडळी म्हणतात. सांधे बरे होतात, घरचे विसरून जातात, झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, चिकटत जाते. दाटीवाटीच्या, गरिबीच्या वस्त्यांत हा ताप अधिक, आणि अशी आकसलेली झडप पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. कितीतरी जणींना ते प्रथम कळतं गरोदरपणात. शरीरातलं रक्त तेव्हा चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि अरुंद दाराला तो लोंढा पेलत नाही. पाच-सहा महिन्यांच्या गरोदर सुनेला आडवं पडलं की धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं, तेव्हा "बाळ वर सरकलंय" म्हणून तिची समजूत काढू नये. एको सुरक्षित आहे आणि तो आठवड्याच्या आत व्हायला हवा.

नवऱ्याचा एको चेकअपच्या पॅकेजमध्ये दर वर्षी, कसलीही तक्रार नसताना होतो आणि बायकोची दीड वर्षाची धाप शेवग्याच्या पाल्यावर निभावते, अशी घरं थोडी नाहीत. खर्चाची अडचण खरी असते. खासगी ठिकाणी दर वेगवेगळे असतात, दोन ठिकाणी फोन करून विचारावं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत हीच तपासणी नाममात्र दरात किंवा मोफत होते. तारीख उशिराची मिळते, तेव्हा लक्षणं काय आहेत हे चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्यावं. पुढे झडपेची शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान भारत यांची चौकशी रुग्णालयातल्या मदत कक्षात करावी.

काकूंना आता दुसरा एको करायचा आहे, तोंडावाटे. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते, तिच्यातून बारीक प्रोब उतरवला की वरचा डावा कप्पा स्वच्छ दिसतो. तुंबलेल्या रक्ताची तिथे गुठळी झालीय का, ते पाहायचं. याला मात्र सहा तास उपाशी राहावं लागतं. कवळी काढायची, गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, गुंगीचं औषध देतात, दातांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवतात. उमासे येतात, नाही असं नाही. नाकानं संथ श्वास घेत राहिलं की दहा-पंधरा मिनिटं निघून जातात. नंतर घसा बधिर असेपर्यंत, निदान तासभर, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, नाहीतर तो श्वासनलिकेत जातो. एकटीनं जायचं नाही आणि स्कूटर चालवत परतायचं नाही.

गुठळी नसेल आणि झडप फार कडक झाली नसेल तर छाती उघडावी लागणार नाही. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेली झडप मोकळी करतात. जपानचे शल्यविशारद कांजी इनोए यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत भारतात हजारो जणींच्या उपयोगी पडली आहे. थोरल्या जावेची मांडीतली तार शेवटी अशी खरी ठरणार, पण एकोत नव्हे आणि घाबरण्यासारखीही नव्हे.

काकूंनी दोन्ही रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, रेशनकार्डाच्या फायलीत ठेवले आहेत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी मंगळवारच्या चौकटीत लिहिलंय : सकाळी नऊ, उपाशीपोटी, कवळी काढणे. खाली नवऱ्याच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे : रजा टाकली आहे.